मोटारबोटीचा पॉवर ट्रिम : बिघाड कसा ओळखावा, वापर कसा करावा

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, वडसा आणि आलापल्ली या पट्ट्यात गॅरेज, बॅटरी, वायरिंग, लेथ आणि हायड्रॉलिक जॅकच्या कामावर आपल्या अनेक बांधवांची रोजी आहे. कोळशाच्या टिप्परची ट्रॉली उचलणारा सिलिंडर, ट्रॅक्टरची लिफ्ट, जेसीबीचा बकेट ही त्यांच्या रोजच्या हातची कामे. हाच हुन्नर ज्या यंत्राला लागू पडतो, पण ज्याच्याकडे आपले मिस्त्री ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून पाठ फिरवतात, ते यंत्र म्हणजे मोटारबोट. आणि त्यातही तिचे इंजिन किंवा पंखा वर-खाली करणारी यंत्रणा, जिला पॉवर ट्रिम म्हणतात. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे आम्हांला वाटले, याला कारण आहे.

आपले दोन्ही जिल्हे जंगलाचे म्हणून ओळखले जातात, पण ते तितकेच नद्यांचेही आहेत. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि पुढे सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. भामरागडला पर्लकोटेचा पूर वर्षानुवर्षे रस्ता बंद करीत आला आहे. जुलै २०२२ च्या पुरात सिरोंचा तालुक्यातील कितीतरी गावे रिकामी करावी लागली होती. अशा वेळी जी बोट पाण्यात उतरते ती वर्षातले आठ-नऊ महिने शेडमध्ये उभी असते. बॅटरी उतरलेली, तेलात पाणी गेलेले, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. मग ऐन पुरात बटण दाबले की इंजिन जागचे हलत नाही. बोटीला पोहोचायला उशीर होतो आणि त्या उशिराची किंमत वाट पाहणारी माणसे चुकती करतात. याशिवाय इरई जलाशयावर आणि नागभीडकडच्या घोडाझरी तलावावर पर्यटकांसाठी बोटी फिरल्या आहेत. त्यांनाही मिस्त्री लागतोच.

प्रथम यंत्राची ओळख. बोटीला इंजिन बसविण्याच्या दोन रीती आपल्या कामाच्या आहेत. पहिली आउटबोर्ड, म्हणजे इंजिन, गिअर आणि पंखा असा सारा संच बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेला. पुराच्या कामाच्या बोटींवर बहुधा हीच असते. दुसरी स्टर्नड्राइव्ह. हिच्यात इंजिन बोटीच्या आत, मोटारगाडीसारखे बसवलेले असते, आणि फळीतून आरपार जाऊन मागे पाण्यात फक्त गिअर व पंखा असलेला ‘लेग’ लोंबतो. ही रचना १९५९ साली व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीने बाजारात आणली आणि पुढे अमेरिकेच्या मर्क्रूझरने ती जगभर नेली. मुंबई-गोव्याच्या समुद्रावर आणि दुबई, दोहा, कुवेत येथील हौशी बोटींत ती पुष्कळ दिसते. आपल्या भागातून आखातात जाणाऱ्या मेकॅनिक मुलांना ही माहिती असेल तर ती तेथे कामास येईल, हाही हे लिहिण्यातला एक हेतू.

दोन्ही प्रकारांत पंख्याचा कोन बदलण्याचे काम एकच यंत्रणा करते. बारा व्होल्टची एक मोटर, तिच्याखाली छोटा गिअर पंप, तेलाची टाकी, आणि लेगला ढकलणारे सिलिंडर. स्टर्नड्राइव्हला दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात आणि पंप बोटीच्या आत असतो. आउटबोर्डमध्ये पंप, मोटर, टाकी, सिलिंडर सगळे ब्रॅकेटच्या मध्ये एकाच गठ्ठ्यात असते. मोटर सुलटी फिरली की तेल सिलिंडरच्या एका बाजूस जाते व लेग वर येतो, उलटी फिरली की दुसऱ्या बाजूस जाऊन लेग खाली जातो. लहान इंजिनांना ही सोय नसते. ती हाताने उचलून खुंटीवर अडकवतात.

टिप्परच्या सिलिंडरवर ज्याने काम केले आहे त्याने येथे थोडे थांबावे. टिप्परचा सिलिंडर फक्त उचलतो, खाली येतो तो ट्रॉलीच्या वजनाने. ट्रिमचा सिलिंडर दोन्हीकडून काम करतो, जेसीबीच्या सिलिंडरसारखा. कारण असे की बोट पुढे जाताना पंख्याचा जोर लेगला बोटीकडे दाबतो, आणि रिव्हर्स टाकला की तोच जोर लेगला मागे-वर फेकू पाहतो. म्हणून तेल दोन्ही बाजूंनी कोंडून धरावे लागते. आणि तिसरे काम असे आहे की जे बाहेरून दिसतच नाही. पाण्याखालच्या खडकावर किंवा ओंडक्यावर लेग आपटला तर सिलिंडरच्या पिस्टनमधील छोटे व्हॉल्व्ह क्षणभर उघडतात, तेल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पळते, लेग मागे उसळी घेतो आणि धक्का जिरतो. म्हणजे उचलणे, धरून ठेवणे आणि वेळ आली तर सोडून देणे अशी तीन कामे ते तेल करते. तीनही कामे परत सुरू झाली तरच दुरुस्ती झाली म्हणावे.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे एक घातक जुगाड चालतो. सिलिंडर गळतो, सील मिळत नाही, बोट उद्या हवी आहे. मग सिलिंडर काढून त्याच्या जागी लोखंडी पट्टी किंवा पाइप वेल्ड करून लेग एका कोनात जाम केला जातो. बोट चालते. गिऱ्हाईक खूश होते. पण आपल्या नद्यांच्या पुरात सागाचे ओंडके आणि मुळासकट उपटलेली झाडे वाहत येतात. अशा ओंडक्यावर जाम केलेला लेग आपटला की धक्का जिरायला जागा नसते, तो थेट बोटीच्या मागच्या फळीवर जातो. फळी फुटली की बोटीत पाणी. स्टर्नड्राइव्हमध्ये तर लेग जेथून आरपार जातो ते भोकच पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा खाली असते. तेव्हा सील नसेल तर ‘आज होणार नाही’ असे सांगावे. एक दिवसाचे गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

बिघाड कोठे आहे ते कानांनी ओळखावे

पॉवर ट्रिम बंद पडला की पहिली चूक होते ती पंप खोलण्याची. खरे तर बहुतेक वेळा दोष विजेच्या वाटेत असतो किंवा तेलाच्या पातळीत. पंप हे शेवटचे ठिकाण आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी इंजिन बंद ठेवून एका माणसाला बटण दाबायला सांगावे आणि आपण यंत्राजवळ कान द्यावा.

काहीच आवाज नाही, तर बॅटरीपासून सुरुवात करावी. चांगली भरलेली बॅटरी उभ्या स्थितीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. पण नुसते तेवढे पाहून फसू नये. ट्रिमची मोटर भरपूर करंट ओढते, म्हणून बटण दाबलेले असताना व्होल्ट मोजावेत. ते साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असतील तर बॅटरी किंवा टर्मिनल खराब आहे असे समजावे. टर्मिनल वरून चकचकीत आणि आतून हिरवे झालेले असते, हे मोटारगाडीवर काम करणाऱ्याला सांगायला नको. त्यानंतर फ्यूज. मर्क्रूझरच्या पंपावर एक ११० अँपियरचा मोठा फ्यूज असतो आणि बटणाच्या वायरीत २० अँपियरचा वेगळा छोटा. मोठा पाहून छोटा विसरणे सहज घडते. गेलेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळण्याची आपली सवय येथे महागात पडते, कारण मोटर अडकली तर वायरिंगच पेटते.

‘टक्’ असा आवाज येतो पण मोटर फिरत नाही, तर बटण ठीक आहे, रिलेपर्यंत वीज पोहोचते आहे. आता दोष रिले, अर्थिंग किंवा मोटरचे कार्बन यांपैकी एकात. टेस्ट लॅम्प लावून एकेक टप्पा पाहावा. येथे एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ज्या मोटरला दोनच वायरी आहेत त्या मोटरसाठी दोन रिले असतात, एक वर जाण्याचा, एक खाली जाण्याचा. विश्रांतीत दोन्ही रिले आपापली वायर अर्थला जोडून ठेवतात. वरचे बटण दाबले की वरचा रिले आपली वायर अर्थपासून सोडवून बॅटरीला जोडतो, आणि करंट परत जातो तो खालच्या रिलेच्या विश्रांतीतल्या कॉन्टॅक्टमधून. म्हणजे खालच्या रिलेचा हा कॉन्टॅक्ट जळला असेल तर लेग वर जात नाही! मिस्त्री बिचारा वरचा रिले बदलतो, पुन्हा बदलतो, आणि पंपाला शिव्या घालतो. दोन्ही रिले सारखे असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहावी. बिघाडाची दिशा बदलली, तर दोष रिलेत आहे हे पाच मिनिटांत कळते. मर्क्युरी कुटुंबातल्या यंत्रांत वर जाण्याची वायर निळी-पांढरी आणि खाली जाण्याची हिरवी-पांढरी असते. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात रंगावर विसंबू नये.

मोटर फिरते पण लेग हलत नाही, तर आवाज कसा आहे ते ऐका. मोटर हलकी, मोकळी, उंच सुरात फिरत असेल तर तिच्यावर भार नाही. तेल कमी आहे, हवा शिरली आहे किंवा मोटर आणि पंप यांमधला जोड तुटला आहे. मोटर कण्हत असेल तर लेग स्वतःच कोठेतरी अडकला आहे. टिल्टची आडवी पिन ग्रीसअभावी गंजून धरते, आणि नदीच्या गाळाने तर ती सिमेंटसारखी बसते. अशा वेळी बटण दाबून धरण्यात अर्थ नाही. ही मोटर सतत चालण्यासाठी बनवलेली नसते. ती तापली की थोडा वेळ थंड होऊ द्यावी लागते.

आउटबोर्डमध्ये यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी, आणि आमच्या मते सर्वांत आधी पाहावी. ब्रॅकेटच्या बाजूस एका भोकाआड चपट्या स्क्रू-ड्रायव्हरचा एक मोठा स्क्रू असतो. वीज नसताना इंजिन हाताने उचलता यावे म्हणून तो सैल करण्याची सोय ठेवलेली आहे. शेडमध्ये ठेवताना कोणीतरी तो सैल करतो आणि घट्ट करायचे राहून जाते. मग मोटर फिरते, तेल आतल्या आत गोल फिरते आणि लेग जागचा हलत नाही. याच सैल स्क्रूमुळे रिव्हर्स टाकताच इंजिन वर उसळते आणि पंखा पाण्याबाहेर येतो. बोट थांबवायची म्हणून रिव्हर्स टाकला आणि ती थांबलीच नाही, तर समोर घाट असतो किंवा पोहणारी माणसे. स्क्रू घट्ट करायला अर्धा मिनिट लागतो. हे काम फुकट करून द्यावे. असे गिऱ्हाईक परत येते.

लेग वर जातो पण रात्रीत आपोआप खाली येतो, ही तक्रारही नेहमीची. आधी बाहेरची गळती पाहावी. सिलिंडरच्या दांड्याचे क्रोम गाळाने खरवडले असेल तर नवे सील टाकूनही चार दिवसांत ते पुन्हा कापले जाईल. म्हणून सील बदलण्याआधी दांड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर दांडा बदलणे किंवा पुन्हा क्रोम करून घेणे हाच उपाय. बाहेर तेल नसेल तर गळती आत आहे, त्या हाताने सोडण्याच्या स्क्रूच्या ओ-रिंगमध्ये किंवा पंपातील व्हॉल्व्हवर बसलेल्या कचऱ्यात. स्टर्नड्राइव्हचे दोन्ही सिलिंडर एकाच तेलाच्या वाटेवर जोडलेले असतात, म्हणून एकाचे आतले सील गेले तरी दोन्ही खाली बसतात. दोन्ही सिलिंडर खराब म्हणून गिऱ्हाईकाकडून दुप्पट पैसे घेण्याआधी एकेक वेगळा करून तपासावा.

स्टर्नड्राइव्हचा एक खास बिघाड असा की बटणाने लेग वर जात नाही, पण ‘ट्रेलर’ असे लिहिलेले वेगळे बटण दाबले की जातो. अशा वेळी पंप, मोटर, तेल सगळे ठीक आहे. लेगजवळ पाण्याखाली एक मर्यादा-स्विच असतो. चालत्या बोटीत लेग ठराविक कोनापलीकडे जाऊ नये म्हणून तो वाट तोडतो. त्याची वायर सतत वाकत राहते आणि एक दिवस तुटते. ती वायर किंवा स्विच बदलावा. तिची दोन टोके कायमची जोडून देऊ नयेत. तसे केले तर धावत्या बोटीत लेग इतका वर जाऊ शकतो की त्याला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या कड्यातून तो बाहेर पडतो. मग वळणावर बसणारा आडवा ताण त्या नाजूक भागांवर येतो, आणि लेगच्या आतल्या क्रॉस-जोडांचाही चुराडा होतो.

तेलाची गोष्ट

तेलाची पातळी पाहण्याची रीत दोन प्रकारांत बरोबर उलटी आहे. स्टर्नड्राइव्हमध्ये लेग पूर्ण खाली असताना पाहतात. लेग वर असताना टाकी भरली तर तो खाली येताच तेल झाकणातून उतू जाते, कारण सिलिंडरमधून परतलेल्या तेलाला टाकीत जागाच उरत नाही. आउटबोर्डमध्ये मात्र बहुधा इंजिन पूर्ण वर करून, त्याची खुंटी लावून मग झाकण उघडतात. इंजिन खाली असताना झाकण उघडले तर दाबातले तेल उसळून अंगावर येऊ शकते. ज्याचे हात एका प्रकारावर बसले आहेत तो दुसऱ्यावर हमखास गफलत करतो. मर्क्रूझरच्या जुन्या टाक्यांवर झाकणाच्या मध्ये हवेसाठी छोटा स्क्रू असतो; तेल भरल्यावर तो दीड आटा मोकळा ठेवायचा असतो. तो घट्ट राहिला तर टाकीत हवा जात नाही आणि पंप तेल खेचू शकत नाही.

तेल कोणते घालावे? कंपनीच्या पुस्तिकेत असेल ते. यामाहासारख्या काही कंपन्या गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरचे तेल सांगतात, काही आपलेच खास तेल. मर्क्रूझरच्या जुन्या पुस्तिकांत गरजेला दहा-डब्ल्यू-तीसचे साधे इंजिन ऑइल चालेल असे दिलेले आहे. पण ब्रेक ऑइल कधीही घालू नये. गॅरेजमध्ये हाताशी तेच असते, रंगही साधारण सारखा, आणि मोह होतो. ब्रेक ऑइलने आतली रबरी सील फुगतात आणि सारा संच बाद होतो. जुने तेल ताकासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे. तेल बदलून भागणार नाही, पाणी शिरण्याची जागा शोधावी लागेल. फेस दिसला तर हवा आहे. लेग चार-पाच वेळा पूर्ण वर, पूर्ण खाली नेला आणि मध्ये मध्ये तेल पुरे केले की हवा निघून जाते.

गळती शोधताना बोट फिरवू नये. दाबातले तेल सुईसारखे कातडीत घुसते आणि जखम वरून मुंगी चावल्याएवढी दिसते. बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर घरगुती मलम न लावता ताबडतोब रुग्णालय गाठावे. गळतीपुढे पुठ्ठा धरावा. आणि वर केलेल्या लेगखाली, नुसत्या तेलाच्या भरवशावर, हात किंवा डोके घालू नये. टिप्परच्या उचललेल्या ट्रॉलीखाली ठोकळा न लावता शिरणाऱ्याची जी गत होते तीच येथे होईल. लाकडी ठोकळा लावा, खुंटी लावा, मग बॅटरीची वायर काढा. बोट ट्रॉलीवर घालून रस्त्याने नेतानाही लेग आधारावर टेकवावा. आलापल्लीच्या पुढच्या रस्त्याचे खड्डे सिलिंडरला सोसत नाहीत.

मोटारगाडीच्या मिस्त्र्यांनी आणखी एक फरक मनात पक्का ठेवावा. पेट्रोलच्या स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बंद खोलीत असते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. गाडीत ती खालून निघून जाते, बोटीत ती तळाला साचते. ट्रिमचा पंप आणि त्याचे रिले त्याच खोलीत असतात. म्हणून तेथे ठिणगी बाहेर पडू न देणारे खास बोटीचे रिले वापरतात. दिसायला सारखा आणि निम्म्या किमतीचा गाडीचा रिले तेथे बसवला तर बटण दाबताच स्फोट होऊ शकतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी, किंवा त्या खोलीत विजेचे काम करण्यापूर्वी, झाकण उघडून वास घ्यावा आणि हवा काढणारा पंखा निदान चार मिनिटे चालवावा.

चालवणाऱ्याला काय सांगावे

यंत्र दुरुस्त करून देताना चालकाला दोन शब्द सांगणे हे मिस्त्र्याचेच काम आहे असे आम्ही मानतो, कारण बटणाचा अर्थ त्याला बहुधा कोणी सांगितलेला नसतो.

निघताना लेग पूर्ण खाली असावा. त्यामुळे पुढचे टोक दबून राहते आणि बोट लवकर पाण्यावर तरंगून धावू लागते. एकदा धावू लागली की बटणाला हलके टिचके देत लेग थोडा थोडा वर घ्यावा. पाण्याचा अडथळा कमी होतो, वेग वाढतो, तेल वाचते. स्टिअरिंगही हलके होते. पुढचे टोक बेडकासारखे उड्या मारू लागले तर लेग जास्त वर गेला आहे, थोडा खाली घ्यावा. इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि वेग मात्र उतरला, तर पंखा हवा ओढतो आहे. याहून वर नेले तर थंड पाणी खेचणारी छिद्रे पाण्याबाहेर येतात आणि इंजिन तापते. आत पाणी फेकणारा रबरी पंखा कोरडा फिरून थोड्याच वेळात जळतो. उथळ पाण्यात लेग वर घ्यावाच लागतो, पण तेव्हा वेग अगदी कमी हवा आणि पाण्याची धार मागून पडते आहे ना, हे पाहत राहावे.

उलट चूकही तितकीच धोक्याची आहे, किंबहुना जास्त. भर वेगात लेग पूर्ण खाली ठेवला किंवा एकदम खाली नेला, तर बोटीचे नाक पाण्यात रुतते, स्टिअरिंग एका बाजूला जोरात ओढले जाते, आणि बोट गर्रकन फिरून आतली माणसे बाहेर फेकू शकते. वळताना लेग थोडा खाली, पण वेगही कमी. रिव्हर्सला पूर्ण खाली. किल-स्विचची दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली असलीच पाहिजे. चालक पाण्यात पडला तर फिरता पंखा बंद करणारे दुसरे काही नसते.

ट्रिम म्हणजे वजनाची दुरुस्ती नव्हे, हेही चालकाला सांगावे. माणसे सगळी मागे बसली म्हणून पुढचे टोक वर गेले असेल तर बटण दाबून ते खाली आणू नये, माणसे पुढे सरकवावीत. भरलेली बचावबोट पाण्यावर धावू शकत नाही, ती पाणी कापत हळूच जाते. अशा वेळी लेग खालीच ठेवून सावकाश यावे. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटून मिरची तोडायला निघालेल्या सहा महिला बुडाल्या. तेथे इंजिनाचा संबंध नव्हता. पण पाण्यावर माणसे कशी बसली आहेत आणि अंगावर जॅकेट आहे की नाही, हा प्रश्न वल्ह्याच्या डोंग्याला आहे तसाच इंजिनाच्या बोटीलाही आहे. कमी माणसे आणि जास्त फेऱ्या, असे ढिवर समाजातले जाणते नावाडी सांगतात ते मोटारबोटीच्या चालकाने ऐकावे.

दुरुस्तीनंतरची चाचणी हा वेगळाच विषय आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, असे नौदलानेच सांगितले. तेव्हा चाचणी रिकाम्या पाण्यात घ्यावी, घाटापासून आणि मासेमारांच्या जाळ्यांपासून दूर. बोटीत दोनच माणसे, दोघांच्या अंगावर जॅकेट, दोरी बांधलेली. आधी उभ्या बोटीत लेग तीनदा वर-खाली, मग हळू पुढे, मग हळू रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये लेग जागेवर राहतो हे पाहिल्यावरच वेग. शेडमध्ये इंजिन कोरडे सुरू करू नये. ट्रिम तपासायला इंजिन सुरू करावे लागतच नाही.

आता धंद्याचे. या कामाचा हंगाम मे महिना आणि जूनचा पहिला आठवडा. मृगाचा पाऊस पडल्यावर धावपळ होते आणि मग जुगाड होतो. ज्यांच्याकडे बोटी आहेत अशा ग्रामपंचायती, पर्यटन चालवणारे आणि मासेमार सहकारी संस्था यांच्याकडे एप्रिलमध्येच जाऊन वर्षाची तपासणी ठरवून घ्यावी: बॅटरी, टर्मिनल, तेल, पिनला ग्रीस, दांड्याचे क्रोम, जस्त किंवा मॅग्नेशियमचा झिजणारा तुकडा. हा तुकडा लेगच्या अ‍ॅल्युमिनियमऐवजी स्वतः झिजतो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा लावतात, खाऱ्यात जस्ताचा. यासाठी फार भांडवल लागत नाही. मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, सिलिंडरच्या तोंडाची चकती फिरवण्याचा दोन खुंट्यांचा पाना, आणि स्वच्छ जागा. सील घ्यायला जाताना मोजमाप सांगू नये, जुने सील सोबत न्यावे, आणि ते तेलाच्या व दाबाच्या कामाचे आहे याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी व्हायची असते. त्यामुळे कोणते काम कोणत्या तारखेला केले, बटण दाबल्यावर व्होल्ट किती होते, कोणते तेल घातले, हे एका वहीत लिहून त्याची प्रत बोटमालकाला द्यावी. सरकारी बोटीचे काम असेल तर तोंडी सांगण्यावर हात लावू नये, लेखी आदेश घ्यावा. बिल उशिरा निघते, ते निघेपर्यंत सुट्या भागांचे पैसे आपल्या खिशात अडकतात. सुट्या भागांची अर्धी रक्कम आगाऊ मागण्यात संकोच बाळगू नये.

शिकाऊ मुलांना हे काम द्यायचे असेल तर आधी शेडमधल्या बंद बोटीवर, बॅटरी जोडून, फक्त आवाज ओळखायला बसवावे. टक्, मोकळा सूर, कण्हणारा सूर. आठवडाभरात ज्याच्या कानाला हे तीन वेगळे ऐकू येतील, त्याच्या हाती पाना द्यावा.